तिखटाची सरासरी

आकड्यापुढे मान तुकवायची आपल्याला फार वाईट सवय आहे. शब्दांशी आपण मनसोक्त भांडतो. "अमका माणूस चांगला आहे हो," असं म्हणून बघा. दहा जण लगेच शंका काढतील. पण "अमक्याला ७.४ गुण पडलेत," म्हणा, तेच दहा जण गप्प! ७ नाही, ८ नाही, ७.४! ज्याने टिंबापुढचासुद्धा आकडा काढला त्याने टिंबाच्या आधीचं नीट तपासलंच असणार, असा आपला भोळा समज. ते ७.४ कशाचे, कुणी मोजले, कशाने मोजले, हे विचारण्याचं धैर्य कुणाला होत नाही.

मला होतं. कारण मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून आहे. (हल्ली कागदोपत्री आम्हाला 'असोसिएट' म्हणतात. काउंटरच्या पलीकडून ग्राहक जे म्हणतात ते मात्र बदललेलं नाही.) वीस वर्षं आकड्यांच्या सहवासात काढलेल्या माणसाला आकड्यांचा धाक राहत नाही, जसा हलवायाच्या पोराला पेढ्यांचा मोह राहत नाही. उलट एक गोष्ट मात्र पक्की कळते. सगळे आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांची गोत्रं वेगळी असतात. लग्न जुळवताना आपण सगोत्र टाळतो. आकड्यांत उलटा नियम आहे. इथे बेरीज सगोत्रातच करायची. टोकन नंबर ४० घेतलेला माणूस टोकन नंबर २० वाल्याच्या दुप्पट नसतो. पण चाळीस हजार शिल्लक असलेला माणूस वीस हजारवाल्याच्या दुप्पट असतोच, निदान शाखाधिकाऱ्यांच्या नमस्कारात तरी.

हे गोत्राचं प्रकरण माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. एस. एस. स्टीव्हन्स नावाच्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आकड्यांची चार गोत्रं लावून दिली. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ही चारही गोत्रं सुखाने नांदतात, म्हणून उदाहरणांसाठी लांब जायला नको.

पहिलं गोत्र नावापुरतं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी स्वतः आले होते. आधारचे बारा आकडे म्हणजे माणसाचं आकड्यांत लिहिलेलं नाव. उद्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने 'टेंभलीचा सरासरी आधार क्रमांक' काढला, तर गणित अगदी बिनचूक येईल आणि अर्थ शून्य असेल. दुसरं गोत्र क्रमाचं. नंदुरबारच्या मिरची बाजारात जा. लाली, फापडा, शंकेश्वरी असे ढीग पडलेले असतात. जाणता व्यापारी चव घेऊन सांगेल की ही त्या मिरचीपेक्षा तिखट. पण किती पटीने तिखट, हे नाही सांगणार. पहिला, दुसरा, तिसरा, एवढंच. पहिल्या-दुसऱ्यात किती अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्यात किती, हे जीभ सांगत नाही. तिसरं गोत्र अंतराचं. समजा तोरणमाळच्या डोंगरावर २० अंश तापमान आहे आणि खाली नंदुरबारात ४०. आमच्याकडे घाम पुसता पुसता कुणीही म्हणेल, "अरे, दुप्पट उकडतंय!" आता हेच फॅरेनहाइटमध्ये मोजा. वर ६८, खाली १०४. दुप्पट होतं त्याचं झालं दीडपट. हवा तीच, घाम तोच, नुसता थर्मामीटर बदलला आणि 'दुप्पट' हरवलं! म्हणजे ते दुप्पट हवेत नव्हतंच, थर्मामीटरात होतं. चौथं गोत्र मात्र खरं खानदानी. वजन. आमच्या आजोबांनी शेरात विकलेलं धान्य वडिलांनी किलोत विकलं. आकडे सगळे बदलले, पण जे पोतं दुप्पट जड होतं ते दुप्पटच राहिलं. एकक बदलून जे वाक्य खोटं पडत नाही तेच खरं, अशी या शास्त्राची साधी परीक्षा आहे. कुठलाही मिरचीवाला ती पास होतो. सुटाबुटातली माणसं नापास होतात.

हे पुराण लावण्याचं कारण म्हणजे आमचा भाचा. पोरगा हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. दिवाळीला आला तेव्हा तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"काय रे, काय झालं?"

"मामा, माझी कॉम्प्लेक्सिटी जास्त आली."

"मग डॉक्टरांना दाखवलंस का?"

तर कॉम्प्लेक्सिटी हा रोग नव्हता, त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा गुंता होता. या गुंत्याला म्हणे आकडा असतो. तो आकडा एक यंत्रच काढतं, साहेब तो तक्त्यात बघतात आणि त्यावरून पगारवाढ ठरते. या आकड्यांना 'मेट्रिक्स' म्हणतात. आमच्या आजोबांच्या काळात मॅट्रिक झालं की नोकरी लागायची. नातवाच्या पिढीला मेट्रिकमुळे नोकरी जायची पाळी आली. एका काना-मात्रेचा फरक, पण केवढा!

मग मी चार दिवस त्याच्याकडून या मेट्रिकांची शिकवणी घेतली, आणि जे कळलं त्याने माझ्यातला कारकून पेटून उठला.

सगळ्यांत जुनं माप म्हणजे ओळी. प्रोग्रॅम किती ओळींचा? जास्त ओळी, जास्त काम. हा नियम लग्नातल्या आशीर्वादपर भाषणांना लावला तर काय होईल, याची कल्पना करा. चार वाक्यांत संपवणारा सज्जन आळशी ठरेल आणि वऱ्हाड उपाशी ठेवून पाऊण तास बोलणारा कर्तबगार! १९८२ साली अमेरिकेत ॲपल कंपनीत हाच घोळ झाला होता. 'लिसा' नावाचा संगणक बनत होता. दर आठवड्याला प्रत्येकाने किती ओळी लिहिल्या त्याचा फॉर्म भरायचा, असा वरिष्ठांनी हुकूम काढला. बिल ॲटकिन्सन नावाच्या गड्याने त्या आठवड्यात आपल्या प्रोग्रॅमचा एक भाग नव्याने लिहून सहापट वेगवान केला, आणि ते करताना सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्याने फॉर्मवर शांतपणे लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी वरिष्ठांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच सोडून दिलं.

आमच्या भाच्यानेही नऊशे ओळी काढून टाकल्या होत्या. पण त्याच्या कंपनीच्या तक्त्यात उणे चिन्हाला जागाच नाही. त्या तिमाहीत त्याचं काम शून्य लागलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने तेच तेच पुन्हा उतरवून तीन हजार ओळी भरल्या. त्याला महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून भिंतीवर लावलाय.

ओळी मोजण्यातला पोरकटपणा शहाण्यांच्या लवकर लक्षात आला, हे कबूल केलं पाहिजे. म्हणून १९७६ साली थॉमस मॅककेब या गृहस्थांनी दुसरी युक्ती काढली. ओळी मोजू नका, प्रोग्रॅममध्ये फाटे किती फुटतात ते मोजा. आमच्या भाषेत सांगायचं तर ठेवीवरच्या व्याजाचा प्रोग्रॅम घ्या. ग्राहक ज्येष्ठ नागरिक आहे का? एक फाटा. पॅन दिलाय का? दुसरा. कर कापू नका असा फॉर्म भरलाय का? तिसरा. तीन फाटे, अधिक एक, गुंता चार. हा वरचा एक कुठून आला म्हणाल, तर फाटा नसला तरी एक सरळ रस्ता असतोच, त्याचा. कल्पना झकास आहे. एक प्रोग्रॅम नीट तपासायचा तर कमीत कमी किती वाटांनी जाऊन बघावं लागेल, याचा अंदाज तिच्यातून मिळतो. तेवढ्यापुरता हा आकडा प्रामाणिक आहे. मॅककेब साहेबांनी एका प्रोग्रॅमला १० ची मर्यादा सुचवली, आणि १० मध्ये काही जादू नाही हेही त्याच लेखात लिहून टाकलं.

पण इशारा वाचतो कोण? १० तेवढा उचलला.

आता बघा. इंग्रजी महिन्याचं मराठी नाव छापणारा एक प्रोग्रॅम आहे. जानेवारी आहे का, फेब्रुवारी आहे का, असे अकरा प्रश्न, अधिक एक. गुंता बारा. मर्यादेबाहेर! चौथीतलं पोर वाचून सांगेल की यात गुंता कसलाच नाही. दुसऱ्या बाजूला एखादा प्रोग्रॅम असतो, गुंता फक्त पाच, पण असा बेरकी लिहिलेला की लिहिणारा नोकरी सोडून गेल्यापासून त्याला हात लावायला कुणी तयार नाही; दिव्याला नमस्कार करून उघडतात म्हणे. आता मॅककेब म्हणतात त्याप्रमाणे बारा-पाच. माणसं म्हणतात नेमकं उलट. मोजमापाच्या शास्त्राचा पहिला नियम असा की माणसांना डोळ्यांनी जे जास्त दिसतं त्याला आकडाही जास्त मिळाला पाहिजे. उंच माणसाला कमी फूट देणारी पट्टी आपण फेकून देऊ. (महिन्यांच्या यादीसारख्या प्रकाराला सूट द्यावी, हे स्वतः मॅककेबनीच लिहिलंय. तेही कुणी उचललं नाही.)

१९७७ साली मॉरिस हॅलस्टेड आले. त्यांनी प्रोग्रॅममधल्या क्रिया मोजल्या, ज्यांच्यावर क्रिया करायची त्या वस्तू मोजल्या, त्यांचे गुणाकार-भागाकार केले आणि त्यातून लिहिणाऱ्याचे 'कष्ट' काढले. त्या कष्टांना १८ ने भागलं की प्रोग्रॅम लिहायला लागणारे सेकंद मिळतात! १८ च का? तर माणसाचा मेंदू एका सेकंदात इतके इतके बारीक निवाडे करतो, असं जॉन स्ट्राउड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने म्हटलं होतं, त्यातून घेतलेला हा १८. या शास्त्रज्ञांना महिन्याच्या एक तारखेला पेन्शनवाल्यांच्या रांगेसमोर माझ्या खुर्चीवर बसवावं. सेकंदाला एक निवाडा निघाला तरी मी चहा पाजीन.

पण खरा कळस पुढेच आहे. १९९० नंतरच्या दशकात हे सगळे आकडे एकाच पातेल्यात घालून 'देखभाल निर्देशांक' नावाचा पदार्थ शिजवला गेला. त्याची कृती अशी: १७१ घ्या. त्यातून हॅलस्टेडच्या आकारमानाचा लॉगॅरिदम ५.२ ने गुणून वजा करा. मॅककेबचा गुंता ०.२३ ने गुणून वजा करा. ओळींचा लॉगॅरिदम १६.२ ने गुणून वजा करा. उरेल ती प्रोग्रॅमची तब्येत. वाचकहो, मी थट्टा करत नाहीये, सूत्र हेच आहे. एका प्रसिद्ध कंपनीच्या साधनात या आकड्याचं शंभरात रूपांतर करून त्याला रंगही देतात. २० च्या वर हिरवा, १० ते १९ पिवळा, खाली लाल. आमच्या वेळी ३५ ला पास व्हायचो; इथे २० लाच हिरवा कंदील!

१७१ कसले? ओळी? सेकंद? किलो? भाचा म्हणाला, "मामा, काही खऱ्या प्रोग्रॅमवर माणसांची मतं घेतली आणि त्या मतांशी आकडे जुळवले, तेव्हा हे आले." म्हणजे शिंप्याने चार गिऱ्हाइकांची मापं घेतली आणि तोच सदरा सगळ्या गावाला वाटला. ज्या चौघांचं माप होतं त्यांना बसला असेल. आमच्या घरात जर हिने आमटीत 'पाच पूर्णांक दोन दशांश मीठ' टाकलं, तर कशाचे पाच पूर्णांक दोन, एवढं तरी मी विचारीनच. चमचे की मुठी?

लोक म्हणतील, "मग काय, तिखटपणासारख्या गोष्टी मोजूच नयेत?" मोजाव्यात की! १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधतज्ज्ञाने मिरचीचा तिखटपणा मोजून दाखवला. कसा? मिरचीचा अर्क काढला, साखरेच्या पाण्यात घातला, चाखणारी माणसं बसवली आणि तिखट लागायचं थांबेपर्यंत पाणी वाढवत नेलं. किती पट पाणी लागलं तो आकडा. पद्धतीत खोटी आहेत, चाखणाऱ्याची जीभ बधिर होते, पण आकडा कशाचा आहे हे विचारलं तर उत्तर आहे. पुढे मिरचीतला तिखट पदार्थच प्रयोगशाळेत मोजायला लागले, तेव्हा त्या आकड्यांची पडताळणीही झाली. आधी जीभ, मग आकडा. सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी आकडा काढला, आणि जीभ कुणाची लावायची ते अजून ठरायचंय.

आमच्या इथे पथारीवर, म्हणजे जिथे लाल मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या रानात, एका जुन्या व्यापाऱ्याला मी विचारलं, "का हो, या दहा ढिगांची तिखटाची सरासरी किती?" त्याने माझ्याकडे तोंडाला लाल फडकं बांधलेल्या अवस्थेतच पाहिलं आणि म्हणाला, "तिखट मोजतस नही भाऊ, खातस." या एका वाक्यात त्याने स्टीव्हन्स साहेबांचं दुसरं गोत्र सांगून टाकलं. क्रम लागतो तिथे सरासरी काढू नये.

आणि हिंजवडीत तर सरासरीच काढतात! भाच्याच्या गटाने ती कशी उतरवली ते ऐका. चार मोठे प्रोग्रॅम होते. गुंते अनुक्रमे २०, १८, १६ आणि १०. बेरीज ६४, सरासरी १६. साहेब रागावले. गटातल्या एका चतुर मुलाने बारा चिमुकले प्रोग्रॅम लिहून टाकले, ज्यांत काहीच नाही, एकेक ओळ, गुंता प्रत्येकी १. आता सोळा प्रोग्रॅम, बेरीज ७६, सरासरी पावणेपाच! जुन्या चारांतली एक गाठ सुटली नाही, वर बारा फुकट्यांची भर पडली, आणि तक्ता सोळावरून पावणेपाचावर. साहेबांनी केक कापला.

यावर हसण्याआधी आमच्याच धंद्याकडे पाहू. चार्ल्स गुडहार्ट हे बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार, म्हणजे नात्याने आमचेच. त्यांनी १९७५ साली सांगून ठेवलं की एखादा आकडा नियंत्रणासाठी वापरायला लागलात की तो पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. आता आपलं उदाहरण. २८ ऑगस्ट २०१४ ला जन-धन योजना सुरू झाली. खाती भराभर उघडली. मग वरून विचारणा व्हायला लागली की शून्य शिल्लक असलेली खाती किती? २०१६ साली वर्तमानपत्रांतून बातमी फुटली की ठिकठिकाणी बँकांच्या माणसांनीच अशा खात्यांत एकेक रुपया भरून टाकला होता. शून्याची खाती घटली. गरिबाच्या खात्यात एक रुपया आला, तक्त्यात क्रांती झाली.

"पण न मोजता कारभार कसा करायचा?" हा साहेबलोकांचा हुकमी एक्का. सॉफ्टवेअरच्या जगात हा एक्का टॉम डीमार्को यांनी १९८२ साली आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात टाकला होता. जे मोजता येत नाही ते आटोक्यात ठेवता येत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य तेव्हापासून प्रत्येक साहेबाच्या भाषणात येतं. त्याच डीमार्कोंनी २००९ साली लेख लिहून आपल्या त्या पुस्तकाविषयी जाहीर शंका घेतली. मोजमापावर आपण वाजवीपेक्षा जास्त भर दिला, असा त्याचा सूर होता. तो लेख भाषणात येत नाही.

आणि मोजण्याला माझा विरोध कशाला असेल? रोज संध्याकाळी मी रोकड रुपयापर्यंत जुळवून घरी जातो. दहा रुपये कमी भरले तर स्वतःच्या खिशातून घालतो. पण नोटा मोजणं वेगळं आणि गुंता मोजणं वेगळं. पाचशेच्या दोन नोटा एकत्र ठेवल्या की हजारच होतात. दोन सोपे प्रोग्रॅम एकमेकांना जोडले की काय होईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दोन गरीब स्वभावाच्या जावा एका स्वयंपाकघरात आणल्यावर जे होतं तेच. नॉर्मन फेंटन या इंग्रज अभ्यासकाने १९९४ साली हेच मोजमापाच्या शास्त्राने मांडलं. 'गुंता' म्हणजे एक वस्तू नाहीच. वाचायला अवघड, बदलायला अवघड, तपासायला अवघड, अशा वेगवेगळ्या आणि कधी कधी एकमेकींविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आहेत. त्या सगळ्यांना मिळून एकच आकडा शोधणं हा फुकटचा खटाटोप. उंची मोजा, वजन मोजा, कर्ज मोजा. 'माणूस' मोजायला जाऊ नका.

मग तरीही हा आकडा का हवा असतो? माझं स्पष्ट मत सांगतो, कुणाला राग आला तर येवो. प्रोग्रॅम वाचायचा कंटाळा! दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायला दोन दिवस जातात, डोकं लागतं, आणि वाचून झाल्यावर "मला हे कळलं नाही" असं कनिष्ठासमोर म्हणावं लागण्याचा धोका असतो. आकड्याला हा धोका नाही. आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा घेणारा त्याची उंची मोजतो, दात बघून वय काढतो, अंगावरचे भोवरे तपासतो. पण लाखाची नोट काढण्यापूर्वी तो घोडा चालवून, पळवून बघतोच. अंगावरचे केस मोजून आणि त्यांचा लॉगॅरिदम १७१ मधून वजा करून घोडा विकत घेतल्याचं तापीच्या काठावर कुणी पाहिलेलं नाही.

हे पुण्याच्या वातानुकूलित खोलीतलं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणू नये. तेच पातेलं आपल्याही चुलीवर आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून चार जिल्हे निवडले गेले, त्यांत आमचा नंदुरबार. ४९ निर्देशक ठरले. आरोग्य-पोषणाला ३० टक्के, शिक्षणाला ३०, शेती-पाण्याला २०, बँक खाती आणि कौशल्यं यांना १०, रस्ते-वीज वगैरेंना १०. सगळ्यांची बेरीज, आणि जिल्ह्यांची चढाओढ. हेतू चांगला आहे, आणि त्यानिमित्ताने धडगाव-अक्कलकुव्याकडे वरच्यांचं लक्ष गेलं हेही मानतो. पण अंगणवाडीच्या काट्यावर धडगावचं एक मूल ठेवलं की जे किलो दिसतात ते खानदानी गोत्राचे आहेत. त्यांना अर्थ आहे, मुलाच्या आईलाही तो कळतो. त्या किलोंची माझ्या काउंटरवर उघडलेल्या खात्यांशी बेरीज करायची म्हणजे काय करायचं? पोषण तसूभर हललं नाही आणि मी खाती भराभर उघडली, तर बेरीज वर सरकते. नंबर सुधारतो. मूल तेवढंच राहतं. ३० आणि १० हे आकडे कुणाच्या तरी टेबलावर ठरले. तिथे ४० आणि ५ ठरले असते तर कुठला तरी दुसराच जिल्हा पुढे आला असता. शेराचं किलो केल्यावर पोती अशी जागा बदलत नाहीत.

भाच्याला मी सुचवलं होतं की साहेबांना म्हणावं, तीनच आकडे वेगवेगळे ठेवा, बेरीज करू नका: गेल्या वर्षात या प्रोग्रॅममध्ये चुका किती निघाल्या, एक चूक दुरुस्त करायला किती तास गेले, आणि नवा मुलगा आला तर त्याला हे समजायला किती दिवस लागले. चुका, तास, दिवस. तिघांनाही एकक आहे. तो म्हणाला, "मामा, पण तिसऱ्या आकड्यासाठी नव्या मुलाला विचारावं लागेल." विचारायचं की! त्याने फक्त खांदे उडवले.

मग मी त्याला माझा रोजचा गुंता दाखवला. मोबाइल नंबर बदलून द्यायचा, एवढंच काम. त्यासाठी आमच्या यंत्रावर एकामागून एक नऊ पडदे उघडावे लागतात. मधल्या एका पडद्यावर आधीच्या पडद्यात भरलेलंच परत भरायचं, आणि शेवटी आत बसलेल्या अधिकाऱ्याने मंजुरी द्यायची. ते जेवायला गेले असतील तर पडदा वाट बघून बंद पडतो आणि मी पहिल्यापासून सुरू करतो. भाचा ते पाहून म्हणाला, "मामा, याचा प्रत्येक पडदा सुटा काढून मोजला ना, तर एकूण एक हिरवा येईल."

परवा डोंगरातून पहाटेची एस.टी. धरून एक म्हातारी आली. नंबर बदलायचा होता, नाहीतर पैसे आल्याचा निरोप तिला मिळत नव्हता. मी पडद्यामागून पडदा उघडत होतो. अर्ध्या तासाने तिने काउंटरवर हनुवटी टेकून विचारलं, "भाऊ, आजून किती?"

"सहा झाले मावशी, तीन राहिले."

"हां," म्हणाली, आणि पिशवीतली भाकरी काढून बाकावर बसली.